लग्न कुणाचं?

नारायणगावात हायवेला लागून नवं मंगल कार्यालय झालं होतं. आम्ही पहिल्यांदा तिथं गेलो. रविवार होता. गेटाशी स्कूटर लावली, मी पदर सारखा केला आणि दोघं ऑफिसात शिरलो. टेबलापलीकडे मॅनेजर सुपारी कातरत बसला होता. आम्हाला बघून तो लगबगीनं उठला, खुर्च्या पुढं केल्या आणि म्हणाला, "या पावणं, या. मुलीचं का मुलाचं?"

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला तो माझ्याआधी कळला असावा. त्यांनी खाली बघत उत्तर दिलं, "मुलीचं."

लग्न आमचंच होतं. मी चाळिशीला आले होते, कानांपाशी केस पांढरे झालेले. ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, डोक्यावर मागं टक्कल दिसायला लागलेलं. असं जोडपं कार्यालय बघायला येतं ते मुलाबाळांच्या लग्नासाठीच. मॅनेजरचं काहीच चुकलं नव्हतं.

"मुलगी काय करती?" त्यानं विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता सांगून टाकावं असं वाटलं, पण एकदा "मुलीचं" म्हटल्यावर मागं कसं फिरायचं तेही कळेना. मी म्हणाले, "नर्स आहे."

"कुठं?"

"घोडेगावच्या वर, डोंगरात. उपकेंद्रावर."

"आन् दिली कुठं?"

"ओतूरला. मुलगा कॉलेजात आहे. लॅबमध्ये असतो."

"म्हंजे दोघं नोकरीवाले. लई ब्येस जमलं, राव," तो म्हणाला आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन आमच्या पुढं चालायला लागला.

हॉल एवढा मोठा की आमच्या चपलांचा आवाज लांबच्या भिंतीवर आपटून परत येत होता. माणसं किती येतील असं त्यानं विचारलं. शंभराच्या आतबाहेर, असं मी सांगितल्यावर त्याचा उत्साह जरा उतरला. तरी त्यानं सगळं दाखवलं. आता पंगतीत कोणी बसत नाही, बुफे करा, हा सल्ला दिला. मग त्यानं वधूपक्षाची खोली उघडली. "मुलीच्या मैत्रिणी, मावश्या, आत्या, समद्या हितं मावत्यात."

खोलीत भिंतभर आरसा होता. त्याच्या कडेनं आधीच्या वधूंनी आणि करवल्यांनी काढून चिकटवलेल्या टिकल्या होत्या, लाल, हिरव्या, चमकीच्या. एका खिळ्याला कुणाचा तरी विसरलेला गजरा वाळून दोऱ्यासारखा झाला होता. मी आरशात बघितलं. मी, माझ्यामागं दारात अवघडून उभे असलेले ते, आणि त्यांच्यामागं मॅनेजर. या खोलीत माझ्याबरोबर कोण बसेल, असा विचार मनात आला. आई गेलेली. बहीण नाही. शाळेतल्या मैत्रिणी कुठं कुठं दिलेल्या, त्यांच्या मुली लग्नाला आलेल्या. एकही तोंड डोळ्यांपुढं येईना.

बाहेर रस्त्यावर येऊन आम्ही उसाचा रस घेतला. ते म्हणाले, "सॉरी, सिस्टर. तोंडातून निघून गेलं."

मी हसले. "आपली मुलगी फार गुणाची आहे," म्हणाले. तेही हसले, पण हसताना त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. हसण्याची त्यांची सवय मोडली होती.

ते मला सिस्टर म्हणायचे. सगळं जगच मला सिस्टर म्हणायचं, तसंच तेही. लग्नानंतरही ते बदललं नाही आणि मीही कधी बदला म्हटलं नाही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. निवृत्त झाल्यापासून मला त्या नावानं हाक मारणारंही कोणी उरलं नाही.

माझं लग्न का राहिलं, याला एकच असं कारण नाही. वडील लवकर गेले. मला नोकरी लागली ती डोंगरात, जिथं दिवसातून दोनदा एसटी यायची आणि पावसाळ्यात तीही यायची नाही. पिंपळवंडीला आमच्या घरी स्थळं यायची, पोरगी नोकरी सोडेल का असं विचारायची, आणि मी नाही म्हटलं की चहा पिऊन उठायची. मग आईला अर्धांग झाला. दादाच्या घरात वहिनी एकटी, शेत, गुरं, दोन पोरं. मी आईला माझ्याकडे क्वार्टरवर घेऊन आले. ती बरीच वर्षं अंथरुणावर होती. ती गेल्यावर दोघींचा स्वयंपाक करायची सवय मोडायलाच मला वर्ष लागलं. संध्याकाळची गाडी गावाला वळसा घालून निघून गेली की पुढची सगळी संध्याकाळ माझ्या अंगावर यायची. कुणी बाळंतपणाला बोलवायला आलं तर बरं वाटायचं.

माझ्याबरोबरच्या एका सिस्टरनं हे स्थळ काढलं. तिचा लांबचा चुलतभाऊ. बायको आजारानं गेलेली, मूलबाळ नाही, माणूस सरळ. आम्ही घोडेगावच्या स्टँडवर भेटलो, कँटीनमध्ये चहा प्यायलो. ते फार बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "मला घरात कुणीतरी हवंय. बाकी काही नाही." मला ते आवडलं. माझंही तेच होतं.

लग्न देवळात चार माणसांत लावायचं ठरलं. रिसेप्शनचा हट्ट माझा. त्यांना ते नको होतं. "ह्या वयात कशाला, सिस्टर? लोक काय म्हणतील?" मी त्यांना खरं कारण सांगितलं. डोंगरातल्या आणि खालच्या गावांतल्या कितीतरी लग्नांना मी गेले होते. प्रत्येक ठिकाणी मान मिळायचा, "सिस्टर, आधी तुमी जेवून घ्या" म्हणायचे, आणि मी एकटी एका कडेला जेवून गाडी गाठायची. एकदा तरी मी समोर बसावं आणि माणसं माझ्याकडे बघायला यावीत, एवढंच मला हवं होतं. सांगताना मला लाज वाटली. शेवटी ते म्हणाले, "बघू मग कार्यालयं."

पुढच्या रविवारी आम्ही ओतूरला गेलो. त्यांचं गाव, म्हणून तिथलं कार्यालय सोयीचं. बाजारपेठेच्या मागं, जुनं, कौलारू, पण ऐसपैस. दारापाशी आल्यावर ते म्हणाले, "तुम्ही बघून या. मी इथं थांबतो." मला वाटलं, ओळखीच्या लोकांपुढं येताना संकोच वाटत असेल. मी एकटीच आत गेले. आतल्या म्हाताऱ्या माणसानंही तेच विचारलं, मुलीचं का मुलाचं. मी मुलीचं म्हटलं. आता ते सवयीनं तोंडात आलं. जागा छान होती. मधला चौक, कडेला पडवी, मागं विहीर. मला ती लगेच पसंत पडली.

बाहेर आले तर ते स्कूटरवर नव्हते. रस्त्याच्या पलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी म्हणाले, "चांगलं आहे. हेच घेऊ या."

ते उठले नाहीत. "सिस्टर, हे नको."

"का?"

"बायकोच्या तेराव्याचं जेवण इथंच झालं. पाऊस होता, दारात मांडव टिकेना, म्हणून." मग म्हणाले, "मी त्या पडवीत बसलो होतो. माणसं येत होती, जेवून जात होती. सगळे म्हणत होते, जेवण चांगलं झालं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांच्या आयुष्यात एक बाई राहून गेली होती, हे मला माहीत होतं, पण तेव्हा ते पहिल्यांदा जाणवलं. त्यांचं दुःख माझ्या वाटणीला येणार नव्हतं आणि माझं त्यांच्या. आम्ही दोघं फक्त शेजारी बसणार होतो. समोरून कांद्याच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो गेला, रस्ता धुळीनं भरला, आणि आम्ही उठलो.

तिथून पिंपळवंडी वाटेवरच होतं. दादाला सांगायचं राहिलं होतं. म्हणजे लग्नाचं त्याला कळवलं होतं, रिसेप्शनचं नव्हतं. दादा ओट्यावरच भेटला. त्यानं त्यांना "बसा पावणं" म्हणून सतरंजी टाकली, पाणी दिलं, टोमॅटोच्या बाजारावर थोडं बोलला. मग मला आत बोलावलं. वहिनी चुलीपाशी चहा गाळत होती.

"लगीन कर. आमी काय न्हाई म्हणलं न्हाई," दादा म्हणाला. "देवळात जा, हार घाला, झालं. ती पार्टी कशाला?"

"पार्टी नाही, रिसेप्शन."

"त्येच ते. पोरीला औंदा स्थळं बघतोय आमी. उद्या पावण्यांनी इचारलं, आत्याचं लगीन आत्ता कसं झालं, तर काय सांगू? भाची लग्नाची झाली आन् आत्या हार घालून स्टेजवर बसली?"

मी म्हणाले, "तू येशील का, तेवढं सांग."

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "बघू."

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. वडीलही तसंच म्हणायचे. मी निघाले तेव्हा वहिनी दारापर्यंत आली आणि माझ्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा कोंबल्या. दादा वाईट नव्हता. आईच्या आजारपणात महिन्याच्या महिन्याला ज्वारी-बाजरीचं पोतं घेऊन डोंगर चढून यायचा. पण त्याला त्याच्या पोरीचं बघायचं होतं आणि त्यात मी आडवी येत होते.

स्कूटरवर मागं बसून मी सगळी वाट रडले. वारा होता, त्यांना ऐकू गेलं नसेल.

मग घोडेगाव. खरं तर ते मला सगळ्यात जवळचं, आणि तिथंच शेवटी गेलो. बाजारात कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लहान हॉल होता. साखरपुडे, बारशी, फार तर लहानशी लग्नं. मालकीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढत जिन्यातच विचारलं, "मुलीचं का वो?"

ते बोलायच्या आत मी म्हणाले, "नाही. लग्न माझंच आहे. आमचं दोघांचं."

त्या थांबल्या. माझ्या केसांकडे बघितलं, मग मोकळ्या गळ्याकडे, मग एक पायरी खाली उभे असलेल्या यांच्याकडे. मी वाट बघत होते, आता हसतील किंवा गप्प होतील. त्या म्हणाल्या, "मंग चपला काढून वर स्टेजवर चढा आन् खुर्चीत बसून बघा. एका खुर्चीचा पाय ढिला झालाय, मागच्या साखरपुड्याला नवरी पडता पडता वाचली."

मी चढले. लाल मखमलीच्या, सोनेरी काठाच्या दोन मोठ्या खुर्च्या. डावीकडची डगमगत होती, म्हणून उजवीकडच्या खुर्चीत बसले. समोर रिकामा हॉल, भिंतीशी एकात एक घातलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खिडकीत पारवा. मी आयुष्यभर ज्या बाजूनं बघत आले होते, त्याच्या उलट बाजूनं आता बघत होते. वाटलं होतं, आनंद होईल. पण एवढी जागा कशानं भरणार, हाच विचार आला.

ते खाली उभे होते. मी म्हणाले, "तुम्ही पण या."

"आत्ता कशाला?"

"या तर."

ते चढले आणि दवाखान्यातल्या बाकावर नंबराची वाट बघत बसावं तसे त्या डगमगत्या खुर्चीच्या कडेवर टेकले. मालकीणबाईंनी खालून बघितलं. "चांगलं दिसतंय," म्हणाल्या आणि पंखे चालतात का ते बघायला गेल्या.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "माणसं कमी आली तर?"

"तर कमी येतील."

ते कार्यालय आम्ही घेतलं.

त्या दिवशी लग्नाची दाट तीथ होती, हे आमच्या लक्षात उशिरा आलं. सकाळी देवळात लग्न लावून आम्ही हॉलवर पोचलो, तर जिन्याच्या पायऱ्यांवर माझ्या उपकेंद्राच्या गावातल्या पाच-सहा बायका बसलेल्या. डोंगरातली गाडी भल्या पहाटे निघते, म्हणून हॉल उघडायच्या आधीच येऊन बसल्या होत्या. ठेवणीतली लुगडी नेसून, मांडीवर फडक्यात बांधलेला नवा तांदूळ घेऊन. मला हिरव्या शालूत बघून एकीनं तोंडाला पदर लावला. "आगं बया! सिस्टर, तुमी नवरी!" आणि सगळ्या हसत सुटल्या. मला इतकं मोकळं वाटलं की मीही हसले. पण त्यांची परतीची गाडी दुपारची होती. पहिल्या ताटावर जेवल्या आणि गेल्या.

नंतर दवाखान्यातली माणसं आली, कॉलेजातले सर आले. येत, पाकीट देत, फोटो काढून घेत आणि घड्याळ बघत. "अजून मंचरला एक आहे," "आळेफाट्याला जायचंय." कुणाचंच चुकत नव्हतं. त्या दिवशी सगळ्या तालुक्यात लग्नं होती आणि आमचं त्यातलं सगळ्यात लहान. मी प्रत्येकाला हात जोडत होते आणि प्रत्येकाच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते. दादा येईल असं कुठंतरी वाटत होतं.

दुपार कलली तेव्हा हॉल रिकामा झाला. फोटोग्राफर दिव्याची वायर गुंडाळत होता. ते आचाऱ्याशी बोलायला खाली गेले होते. मी एकटीच स्टेजवर होते. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि दारात वहिनी उभी राहिली. एकटी, घाम आलेला, हातात कापडी पिशवी.

"वन्सं, उशीर झाला. गाडी लई उशिरा लागली."

मी खाली उतरले. "दादा?"

"त्येंचं नगा इचारू. मी नारायणगावला दाताच्या डॉक्टरकडं चाललेय म्हून सांगून निघाले." तिनं पिशवीतून खण काढला, नारळ काढला, रुमालात बांधलेले गहू काढले. "बसा. सासूबाई असत्या तर त्यांनी भरली असती. आता म्याच भरते."

खाली फरशीवरच मी पदर पसरला आणि वहिनीनं माझी ओटी भरली. आम्ही दोघी इतकी वर्षं एका घरच्या, पण असं समोरासमोर कधी बसलो नव्हतो. तिनं माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र हातात घेऊन बघितलं आणि सोडलं. "चांगलं हाय," म्हणाली.

मी तिला जेवायचा आग्रह केला. ती मान हलवत म्हणाली, "दात दुखतोय म्हून सांगितलंय. जेवून गेले तर कळंल की." मग दाराकडे बघत एक जिलबी उभ्यानंच खाल्ली, पदरानं तोंड पुसलं आणि जिना उतरली. मी खिडकीतून बघितलं. ती स्टँडच्या दिशेनं भराभर चालत होती, पदराचा काठ गालावर धरून. खरंच दात दुखत असल्यासारखी.

ते वर आले तेव्हा मी ओटीचे गहू गोळा करत होते. काय झालं ते त्यांना सांगितलं. ते माझ्यासमोर बसून फरशीवर सांडलेले दाणे एकेक करून उचलायला लागले. मग मालकीणबाईंनी आम्हा दोघांना पाट मांडून वाढलं.

घोडेगावहून जुन्नरमार्गे आम्ही ओतूरला निघालो. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो, आणि तिथं ते अचानक बोलायला लागले. बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दल. पुण्याच्या दवाखान्यात तिला घरची भाकरी हवी होती आणि ती मिळाली नाही, याबद्दल. माझ्या हातात हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्यांचा वळ, आणि मी दुसऱ्या बाईच्या मरणाची गोष्ट ऐकत होते. आजच का, असं एकदा मनात आलं. मग लक्षात आलं, इतकी वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगायला घरात कोणी नव्हतं. मी विचारलं, "भाकरी कशाची हवी होती? बाजरीची?" ते म्हणाले, "बाजरीची," आणि पुढं सांगत राहिले. चहा गार झाला.

ओतूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि लाइट गेलेली होती. शेजारची बाई कंदील घेऊन आली. दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, आणि पोरं एकटी आहेत म्हणून कंदील घेऊन लगेच परतली. ते स्कूटर आत घ्यायला वळले. मी त्या घरात पहिल्यांदा एकटी शिरले. काहीच दिसत नव्हतं. भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघर सापडलं. ओट्यावर भांडी कुठं, डबे कुठं, काही अंदाज येईना. माझ्या क्वार्टरमध्ये मी डोळे मिटूनही हवी ती वस्तू काढली असती. इथं साधी काडेपेटी सापडेना. मी तशीच अंधारात उभी राहिले.

"काडेपेटी कुठंय?" मी विचारलं.

बाहेर अंगणातून स्कूटर स्टँडला लावल्याचा आवाज आला. मग त्यांचा. "कोनाड्यात. उजव्या हाताला. थांबा, मी येतो."

"नको, सापडली," मी म्हणाले आणि स्टोव्ह पेटवून चहाला पाणी ठेवलं.